बास्केटखालची जागा

रविवार, दिनांक १९ नोव्हेंबर २०२३ रोजी दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी, अकोल्यातील एका महाविद्यालयाच्या सिमेंटच्या मैदानावर, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन महिला बास्केटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, अमरावतीच्या पायल खंडारेने अकोल्याच्या रागिणी तायडेला कमरेने असा धक्का दिला, की रागिणी बास्केटखालून निघाली ती रेषेबाहेर ठेवलेल्या पाण्याच्या जारपाशी जाऊन बसली.

पंचांची शिट्टी वाजली. पायल हात जोडून उभी राहिली.

“माफ कर ना बाई,” ती म्हणाली. “मले वाटलं तू हालशीन नाई.”

हा तिचा दुसरा फाउल होता. पाच झाले की खेळाडूने मैदान सोडायचे, असा नियम आहे. प्रेक्षक म्हणावेत असे सतराच जण होते आणि त्यांतले नऊ जण मोबाइलवर अहमदाबादचा विश्वचषकाचा सामना पाहत होते. तरीही उरलेल्या आठांच्या हसण्याचा आवाज मैदानभर पोचला.

अमरावतीच्या बाकावर बसलेल्या देवीदास काळमेघ सरांनी मांडीवरची वही उघडली. शारीरिक शिक्षणाच्या या प्राध्यापकांचा स्वभावच असा, की मैदानावर काही अघटित घडले तर त्याचे कारण आधी वहीत शोधावे. रागिणीविषयी वहीत तीन पाने होती. तिची उंची, हातांचा पल्ला, डावे कोपर पुढे काढण्याची खोड, प्रतिस्पर्धी मुलीच्या कानाशी लागून काहीबाही बोलण्याची सवय, हे सारे तारीखवार नोंदलेले होते. वजन मात्र नव्हते.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला जमुनाबाई बसल्या होत्या. मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये गेली एकोणीस वर्षे पोळ्या लाटणाऱ्या या बाई आज संघाबरोबर मुद्दाम आल्या होत्या. रागिणी कपडे झटकत उठली तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला.

“अवो सर, हे तं निरी पऱ्हाटीची काडी हाय! मोबाइलात कशी भरेल दिसे.”

जमुनाबाईंचे वजन चौऱ्याऐंशी किलो होते, आणि गेले चार महिने सरावात पायलसाठी रागिणी म्हणजे जमुनाबाईच होत्या.

पोस्ट म्हणून खेळणाऱ्या मुलीचे काम सांगायला सोपे आणि करायला जाचक असते. बास्केटकडे पाठ करून, त्याच्या अगदी पुढ्यातली, सगळ्यांनाच हवी असलेली जागा धरायची. मागून रेटणारीला मागेच ठेवायचे. हात उंच करून चेंडू मागायचा. आणि आपल्यावर दोघी धावून आल्या की त्यामुळे जी मैत्रीण मोकळी राहिली तिला तो देऊन टाकायचा. बास्केट ती मैत्रीण करते. टाळ्याही तिलाच मिळतात.

पातूरहून आलेली पायल पहिल्या वर्षी लांबून बास्केट करणारी मुलगी होती. सामन्यामागे सोळा-सतरा गुण ती सहज घेई. तिला बास्केटखाली आणले ते काळमेघ सरांनी. महाविद्यालयाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली, पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष दोन्ही स्वतःच मांडून, त्यांनी तिच्यापुढे चाळीस मिनिटे प्रतिपादन केले होते. ते संपल्यावर पायलने एकच प्रश्न विचारला होता.

“मंग माहं नाव कोन घेईन, सर?”

“ज्याला खेळ कळतो तो.”

हे उत्तर सरांना त्या वेळी बिनतोड वाटले होते. आता पायल शेवटच्या वर्षाला होती. विद्यापीठाच्या संघात दोन पोस्ट घ्यायच्या होत्या. पहिली रागिणी, हे ठरल्यासारखेच होते. दुसरीचे नाव आज संध्याकाळी ठरणार होते, आणि ते ठरवणारे निवड समितीचे भगवंतराव पलीकडे गुणलेखकाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. गुणपत्रकात जागा धरून ठेवण्याचा रकाना नसतो. पायलची निवड झाली नाही, तर एका गुणी मुलीची दोन वर्षे आपण आपल्या वक्तृत्वापायी घालवली, हे सरांना निदान स्वतःशी तरी मान्य करावे लागणार होते.

तिला बास्केटखाली उभे करणे एवढ्यावर भागले नव्हते. पाच फूट साडेदहा इंच उंचीच्या त्या मुलीला लहानपणापासून बाजूला सरकण्याची सवय जडली होती. वर्गात शेवटचा बाक, फोटोत मागची रांग. बसमध्ये कुणी तिच्या पायावर पाय दिला तरी माफी तीच मागे. तिला रेटायला तिच्याएवढी दुसरी मुलगी महाविद्यालयात नव्हती, आणि मुलांबरोबर सराव प्राचार्यांना मान्य नव्हता. अशा विवंचनेत असताना, जुलैतल्या एका सकाळी, सरांनी जमुनाबाईंना गव्हाचा कट्टा पाठीवर घेऊन मेसच्या पायऱ्या चढताना पाहिले. पन्नास किलोंचा कट्टा होता, आणि बाई वर चढता चढता खालच्या भाजीवाल्याशी भांडतही होत्या.

“पायलला बास्केटजवळ येऊ द्यायचं नाही,” सरांनी त्यांना काम समजावून सांगितले होते.

“बस? मेसच्या चुलीपाशी मी एकोणीस वर्सांत कोनाले येऊ देल्लं नाई, सर.”

तेव्हापासून रोज सायंकाळी सव्वापाचला, पदर कमरेला खोचून आणि वसतिगृहाची एक जुनी गादी जुन्या ओढणीने छातीशी बांधून, जमुनाबाई मैदानावर उभ्या राहू लागल्या. रागिणीची चित्रफीत त्यांनी तीनदा पाहिली आणि कोपरासकट आत्मसात केली. कानाशी लागून बोलण्याची कला तर त्यांना शिकवावीच लागली नाही. “पातूरची बस इकडून नाई जात, मांगं फिर!” असे त्या म्हणत आणि अशा रेटत, की पायल चार पावले मागे जाई. ऑगस्टमध्ये ती दोन पावले जाऊ लागली. ऑक्टोबरच्या अखेरीस तिने पहिल्यांदा जमुनाबाईंना हलवले, त्या दिवशी सरांनी वहीत तारखेखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

चौऱ्याऐंशी किलोंच्या मापाने घडवलेले ते बळ आता एकसष्ट किलोंच्या मुलीवर चालत होते, आणि जे व्हायचे ते होत होते. दुसऱ्या सत्राच्या दुसऱ्याच मिनिटाला रागिणी पुन्हा खाली बसली. तिसरा फाउल. सरांनी पायलला बाहेर बोलावले.

पुढची आठ मिनिटे सरांना आपलाच सिद्धान्त शत्रूच्या तोंडून ऐकावा लागला. बास्केटखाली भीती वाटावी असे कुणी उरले नाही, तेव्हा अकोल्याच्या मुली निर्धास्तपणे पुढे सरसावल्या आणि अमरावतीची कर्णधार ललिता हिच्याभोवती दोघी-दोघी नाचू लागल्या. तिच्या पाच फेकी बाहेर गेल्या. मध्यंतराला फलक सांगत होता: अकोला एकतीस, अमरावती वीस.

पायल बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होती, बांधत होती आणि पुन्हा सोडत होती.

“मले बाहीरच ठेवा, सर. मी हात लावला का ते पडते.”

“प्रश्न हात लावण्याचा नाही,” सर म्हणाले. “प्रश्न प्रमाणाचा आहे. तू जो जोर लावतेस त्याच्या साधारण तीन चतुर्थांश...”

“तीन चतुर्थांश कसा लावू?”

सरांनी वहीचे पान उलटले आणि पुन्हा मागे घेतले. ललिता त्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होती.

जमुनाबाई संत्र्याच्या फोडींचे पातेले घेऊन आल्या. एक फोड त्यांनी पायलच्या हातात कोंबली.

“सर, तुमी जरासे थांबता काय? पायल, माही कंबर धरे त्या रोजी तू का करे, ते सांग बरं सरांले.”

पायलने चमकून सरांकडे पाहिले आणि मान खाली घातली.

“कोणत्या रोजी?” सरांनी विचारले.

“असतात ना, महिन्यातून चार-पाच रोज कंबर दुखाचे,” जमुनाबाई म्हणाल्या. “तुमाले नाई सांगतलं. तुमी सराव बंद केला असता अन् मले दवाखान्यात नेलं असतं.”

“वहीत एकही दिवस...”

“वहीत कसा राहीन? आमी उभ्या तं राहोच ना.”

पायल पुटपुटली, “त्या रोजी मी ढकलत नोती, सर. नुसती पाठ टेकून राहे. मावशी पडल्या नाई पायजे म्हनून. त्या जिकडं झुकल्या, तिकडं मीबी थोडीशी झुको.”

“अन् त्या रोजी मले बॉल भेटे काय? खरं सांग.”

“नाई.”

“एक रोज नाई भेटला!” जमुनाबाई सरांकडे वळल्या. “ढकलते तवा तरी मानसाले समजते, का जोर कुठून येऊन राहिला. मंग कलटी मारता येते. पन हे नुसती टेकून राहिली का पुढं याले वाटच नाई. मी मनात म्हनो, पोरगी माही कंबर सांभाळून राहिली का मले कोंडून राहिली?” मग त्यांनी पायलचे तोंड हनुवटीला धरून वर केले. “आता असं समज, का त्या पऱ्हाटीची कंबर धरली हाय. बिचारीले पडू देऊ नको. बस.”

काळमेघ सरांनी वही मिटली. मांडीवर न ठेवता ती त्यांनी बाकाखाली ठेवली.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि पायल अमरावतीच्या बाकाजवळच्या बास्केटखाली आली. रागिणी तिच्या पाठीशी उभी राहिली, ती धक्क्याच्या तयारीत, पाय रोवून. धक्का आला नाही. पायलची पाठ तिला हलकेच टेकली आणि टेकलेलीच राहिली. रागिणी डावीकडून पुढे यायला निघाली, तर पाठ तिच्याआधी तिथे होती. उजवीकडून निघाली, तर तिथेही होती. चेंडू आला, पायलने तो वरच्या वर घेतला, दोघी तिच्यावर धावल्या, आणि क्षणात तो मोकळ्या ललिताच्या हातात होता. बास्केट झाले.

असे सहादा झाले. सहाव्या खेपेनंतर रागिणी धापा टाकत कानाशी लागली, ते सरांना स्पष्ट ऐकू आले.

“काहून व, थकली काय? ढकल ना आता!”

“नाई. तुही कंबर धरली हाय.”

“माही? कोनं सांगतलं तुले?”

पायलने हात उंच केला आणि ती ओरडली, “दे!” अडीच वर्षांत मैदानावर तिचा आवाज सरांनी प्रथमच ऐकला. तो चांगला खणखणीत होता.

चौथ्या सत्रात एकदा चेंडूसाठी उडी घेताना रागिणीचा तोल गेला. पायलने चेंडू सोडून तिचा दंड धरला आणि तिला उभी केली. चेंडू रेषेबाहेर गेला. ललिताने कपाळावर हात मारून घेतला. जमुनाबाई मात्र समाधानाने मान डोलावत होत्या.

अखेरची नऊ सेकंद उरली तेव्हा अकोला बावन्न आणि अमरावती एक्कावन्न होते. चेंडू पायलकडे आला. बास्केट हाताच्या अंतरावर होते, आणि तिच्यावर या वेळी दोघी नव्हे, तिघी होत्या. शिकवले होते तसे तिने केले: चेंडू ललिताला दिला. ललिताभोवती कुणीही नव्हते. तिने नेमका फेकला. चेंडू कडीवर दोनदा फिरला, थांबल्यासारखा झाला आणि बाहेर पडला.

अकोल्याच्या मुलींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. ललिता मैदानातच बसली. पायल तिच्याजवळ गेली आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसली; बसल्यावरही ती तिच्यापेक्षा वीतभर उंच दिसत होती.

भगवंतराव गुणपत्रक घेऊन बाकाकडे आले. सत्तरीच्या जवळ पोचलेले हे गृहस्थ चाळीस वर्षे संघ निवडत आले होते आणि निवडलेल्या व न निवडलेल्या अशा दोहोंच्या शिव्या सारख्याच शांतपणे खात आले होते.

“देवीदास, तुझ्या पोस्टचे गुण चार,” ते म्हणाले. “यवतमाळच्या मुलीने उपांत्य सामन्यात एकोणीस केले. आणि शेवटचा चेंडू हिच्या हातात होता, तो हिने देऊन टाकला. समितीला मी काय सांगू?”

काळमेघ सरांनी खिशातून घडी घातलेले चार कागद काढले. पोस्टच्या कार्याविषयीचे सविस्तर विवेचन त्यांनी आदल्या आठवड्यात सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवले होते. त्यांनी घडी उलगडली. मग बाकाजवळ जमुनाबाईंच्या पातेल्यातून संत्र्याची फोड घेणाऱ्या रागिणीकडे त्यांचे लक्ष गेले. जमुनाबाई तिच्या दंडाला चिमटा काढून पाहत होत्या.

“जेवत नाई काय व तू?” त्या तिला विचारत होत्या. “तुह्यापायी आमच्या पोरीचं गनित चुकलं न.”

सरांनी कागदांची घडी पुन्हा घातली.

“तिला विचारा,” ते म्हणाले.

भगवंतरावांनी त्यांच्याकडे क्षणभर निरखून पाहिले. काळमेघांनी एखादा वाद दुसऱ्याच्या तोंडी सोपवावा, ही गोष्ट त्यांच्या अनुभवातली नव्हती. मग त्यांनी रागिणीला हाक मारली.

“दुसऱ्या पोस्टसाठी दोन नावं आहेत, बेटा. यवतमाळची आणि ही. तू दोघींसमोर खेळलीस. तुझं काय म्हणणं?”

रागिणीने फोड संपवली आणि हात पुसले. मैदानात बसलेल्या पायलकडे तिने एकदा पाहिले.

“यवतमाळवालीसमोर मी उद्या सकाळी पुन्हा खेळीन, सर,” ती म्हणाली. “हिच्यासमोर नाई. हिले माह्यासंगं घ्या.”