निळ्या बाटलीतलं नळाचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी निळी बाटली आहे. काचेची, तोंडाशी तारेचा चाप आणि पांढरं झाकण असलेली. चाप आता गंजलाय, काठाचा एक टवका उडालाय, पण एके काळी दुकानात मला खालच्या फळीवर ठेवायची कुणाची हिंमत नव्हती. माझ्या अंगावर कागदी डोंगर होता, डोंगरावर बर्फ होता, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की माझ्यातलं पाणी थेट त्या डोंगराच्या पोटातून आलंय. डोंगर मी कधी पाहिला नाही. मला भरलं ते एका पत्र्याच्या शेडमध्ये, रबरी नळीनं, आणि भरणारी बाई सारखी जांभया देत होती. पाणी चांगलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू. पण लोक मला उचलायचे, किंमत बघायचे आणि अगदी हळूच परत जागेवर ठेवून द्यायचे.

काचेला फारसं काही वाटत नाही. जे काय वाटायचं ते भट्टीतच वाटून जातं. म्हणून पुढचं सगळं मी जसं झालं तसं सांगते. कमीजास्त वाटून घ्यायचं काम तुमचं.

ज्या बाईनं मला विकत घेतलं तिनं किंमत पाहिलीच नाही. तिनं फक्त झाकणाचं सील पाहिलं. बोट फिरवून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं, आणि मला पिशवीत टाकलं. तिच्या घरात तिघं होती. ती, तिचा नवरा आणि शाळेत जाणारी मुलगी. मुलीला सगळे ठकी म्हणत. चौथा एक होता, ठकीचा दादा. तो भिंतीवरच्या फोटोत होता.

आता गंमत बघा. म्हणजे तिला गंमत म्हणायचं की नाही, मला ठाऊक नाही. ठकीचे बाबा शहराच्या फिल्टर हाऊसमध्ये केमिस्ट होते. फिल्टर हाऊस म्हणजे जिथं नदीचं पाणी येतं, तुरटीनं निवळतं, वाळूच्या थरांतून गाळतात, क्लोरीन घालतात आणि मग नळाला सोडतात. ते पाणी पिण्याजोगं आहे की नाही हे रोज तपासायचं काम त्यांचं. आख्खं शहर त्यांच्या भरवशावर नळाला तोंड लावत होतं, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र नळाच्या पाण्यानं फक्त भांडी घासत.

कारण घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी ते बोलत नव्हतं. मला ते आत्याकडून कळलं. ठकीची आत्या भेटायला आली होती, स्वयंपाकघरात शेजारणीशी हळू आवाजात बोलत होती, आणि मी ओट्यावर उभी होते. आमच्या गल्लीतली पाण्याची मोठी लाईन फुटली होती. नळाला लाल पाणी आलं. मग दुरुस्ती झाली, बाबांनी स्वतः नमुना तपासला आणि घरी येऊन म्हणाले, पाणी आता चांगलं आहे, प्यायला हरकत नाही. त्याच आठवड्यात दादाला ताप भरला. उलट्या सुरू झाल्या. हॉस्पिटलात नेलं, आणि तिथून तो परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून असेल, बाहेरच्या खाण्यातून असेल, कशातूनही असेल, आता नक्की सांगता येणार नाही.

"तेव्हापासून वहिनी हे बाटल्यांचं घेऊन बसलीय," आत्या म्हणाली. "माझ्या भावाला रोज टोचत असेल. पण तिला कोण सांगणार?"

आईनं आधी साध्या बाटल्या आणल्या, मग महाग, मग त्याहून महाग. माझ्यानंतर त्याच कंपनीच्या, पण प्लॅस्टिकच्या सीलबंद बाटल्यांचे खोके दर आठवड्याला घरी येऊ लागले. त्या बाटल्या संपल्या की भंगारात जायच्या. मी तेवढी राहिले, कारण माझं झाकण घट्ट बसायचं आणि बाबांच्या डब्याच्या पिशवीत सांडासांड नको होती. आमच्या जातीत एवढं आयुष्य फार कमी जणींना मिळतं.

त्या घराची एक रीत होती. आई कुणालाही पाणी ओतून देत नसे. पाहुणे आले की त्यांच्यापुढे सीलबंद बाटली आणि रिकामा ग्लास ठेवायची, आणि म्हणायची, "तुम्हीच फोडा." नातेवाईक माघारी म्हणायचे, हिला भारीच मिजास आलीय. सकाळी बाबांनाही तसंच. ती बाटली पुढे ठेवायची, ते सील फोडायचे, मला भरायचे, चाप लावायचे आणि पिशवीत ठेवायचे.  मी पिशवीत जायची आणि स्कूटर सुरू व्हायची.

फिल्टर हाऊस मला आवडायचं. तिथल्या गाळण्यांत वाळू, आणि मीही मूळची वाळूच, त्यामुळे आमचे ते भाऊबंदच झाले. पण बाबांची तिथं पंचाईत व्हायची. पाणी तयार करणाऱ्या माणसानं घरून पाणी आणायचं, आणि तेही डोंगराचं चित्र असलेलं. नवीन आलेला एक पंपवाला एकदा म्हणाला, "साहेब, हलवायाला आपली मिठाई गोड लागेना होय?" फोरमननं त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत कधी बोलला नाही.  त्यांचं बोलणंच कमी झालं होतं. ते माझ्यातलं अर्धं पाणी प्यायचे आणि अर्धं तसंच परत न्यायचे.

एकदा ठकीनं त्यांना विचारलं होतं, "बाबा, निळ्या बाटलीतलं पाणी नळापेक्षा चांगलं असतं का हो?" तेव्हा आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. बाबांनी गॅलरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "चव वेगळी असते. यातले क्षार वेगळे, त्याला क्लोरीनचा वास. जिभेला फरक कळतो. पोटाला दोन्ही सारखंच." "मग आपण हे का आणतो?" यावर ते म्हणाले, "आईला विचार." ठकीनं विचारलं नाही. पोर शहाणी होती.

आणि फिल्टर हाऊसची एक रीत सांगायची राहिली. पाळी संपली की जाणारा केमिस्ट प्रयोगशाळेतल्या नळाचं पाणी ग्लासात घ्यायचा आणि येणाऱ्या केमिस्टच्या समोर उभ्यानं प्यायचा. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. फार पूर्वी कुणीतरी सुरू केलं आणि मग कुणी मोडलं नाही. जे शहराला पाजलं ते आधी आपण प्यायचं, एवढंच. दादा गेल्यानंतर बाबा पहिल्यांदा कामावर आले त्या दिवसाची गोष्ट फोरमन अजून सांगतो. तो म्हणाला होता, "आज राहू द्या हो." बाबांनी ग्लास भरला, प्यायला, धुतला आणि पालथा घातला. आईला हे ठाऊक होतं. घरी कधीतरी "ड्युटीचा ग्लास" असा शब्द निघायचा, आणि ती खोलीतून निघून जायची.

असे किती तरी दिवस गेले. मग एकदा खोक्यांची गाडी आली नाही. सकाळी शेवटची बाटलीही संपलेली. आई कोपऱ्यावरच्या दुकानात बाटल्या आणायला गेली. बाबा आंघोळीला गेलेले, आणि त्यांना उशीर होत होता. ठकीनं घड्याळ पाहिलं, मला ओट्यावरून उचललं, नळाखाली धरलं, भरलं, एक घोट स्वतः प्यायली, चाप लावला आणि पिशवीत ठेवलं. बाबा आले, पिशवी उचलली, निघाले. आई जिन्यात भेटली असती तर पुढचं काही झालं नसतं. पण ती दुकानात रांगेत होती.

दुपारी बाबांनी डबा उघडला आणि मला तोंडाला लावलं. एक घोट घेतला आणि थांबले. दुसरा घोट जिभेवर धरून ठेवला. मला खाली ठेवून माझ्या तोंडाचा वास घेतला. त्या जिभेला फसवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. रोज त्याच पाण्याची चव घेणारा माणूस तो.

"काय झालं? पाणी खराब आहे का?" फोरमननं विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "आपलंच आहे."

"म्हणजे?"

"घरून आलंय. भरून ठेवलेलं होतं. पण आपलंच आहे."

फोरमनला सगळं माहीत होतं. त्यानं घास तसाच हातात धरला. मग म्हणाला, "चला, बरं झालं."

बाबा माझ्यातलं सगळं पाणी प्यायले, तळाचा थेंबसुद्धा. येताना स्कूटरवर ते काहीतरी गुणगुणत होते. सूर भयंकर होता. मी आधी कधी ऐकला नव्हता. मला त्यांचं काय चाललंय ते कळत होतं. आईनं आपल्या हातानं नळाचं पाणी भरून दिलं, म्हणजे मिटलं सगळं, असं त्यांनी धरलं होतं. ते पाणी कुणी भरलं हे मला माहीत होतं, आणि मला तोंड असून बोलता येत नाही. त्या वेळी मला त्या माणसाची फार कीव आली. काचेला फारसं वाटत नाही असं मी म्हटलं खरं, पण तेव्हा वाटलं.

घरी येऊन त्यांनी बूटही काढले नाहीत. मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "आज तू नळाचं भरून दिलंस. मला... बरं वाटलं."

आई भाजी चिरत होती. "मी?" ती म्हणाली. "मी कुठं भरलं? मी दुकानातून आले तर तुम्ही निघून गेलेले. मला वाटलं, आज पाण्याशिवायच गेले."

कोपऱ्यातून ठकी म्हणाली, "मी भरलं. बाबांना उशीर होत होता."

आईनं सुरी खाली ठेवली. "तू प्यायलीस?"

"एक घोट. शाळेत पण पिते. सगळेच पितात."

आई उठली आणि ठकीच्या कपाळाला हात लावून बघत राहिली. कपाळ गार होतं, तरी हात काढेना. बाबा तसेच उभे होते. मग ते म्हणाले, "माझंच चुकलं. मला वाटलं, तू मला माफ केलंस."

"कशाबद्दल?"

"पाणी चांगलं आहे असं मी म्हणालो होतो ना."

आईनं ठकीच्या कपाळावरचा हात काढला. मग बोलली ती अगदी बाजारातून काय आणायचं ते सांगावं अशा आवाजात. "तुम्ही नुसतं म्हणालात. ग्लास मी भरला. तो नको म्हणत होता, त्याला खेळायला पळायचं होतं. मी हात धरून थांबवला. म्हटलं, उन्हातून आलायस, पाणी पिऊन मग जा. माझ्या हातानं पाजलं मी त्याला." तिनं ओट्यावरच्या बाटल्यांकडे पाहिलं. "म्हणून मी कुणाला पाणी ओतून देत नाही. सील असलं की त्यात माझा हात नसतो."

मित्रांनो, इतका काळ मी त्या दोघांच्या मध्ये, त्याच टेबलावर उभी होते. आत्याला वाटत होतं, ती त्याला शिक्षा देतेय. त्यालाही तसंच वाटत होतं. आणि खरं सांगते, मलाही.

बाबा खुर्चीत बसले. म्हणाले, "नमुना चांगला होता गं. मी परत परत पाहिला. तरी तो गेला. का गेला ते मला माहीत नाही."

"मलाही माहीत नाही," आई म्हणाली.

मग ते उठले, नळ सोडला, ग्लास भरला आणि तिच्या समोर उभं राहून प्यायले. पाळी संपल्यावर पितात तसे. ग्लास धुतला आणि पालथा घातला. आता ती पिईल, असं मला वाटलं. ती प्यायली नाही. तिनं सुरी उचलली आणि उरलेली भाजी चिरली.

सकाळी ठकी भूक लागली म्हणतच उठली. ओट्यावर आदल्या दिवशी आणलेल्या सीलबंद बाटल्या रांगेत उभ्या होत्या. आईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग मला उचललं आणि नळाखाली धरलं. निम्मं पाणी बाहेरच सांडलं. चाप तिला लावता येईना. तिनं दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा लागला. मला पदरानं पुसलं आणि पिशवीत ठेवलं. बाबा दारात उभे राहून बघत होते. 

संध्याकाळी तिनं मला पिशवीतून काढलं आणि उलटं करून पाहिलं.

"प्यायलात?"

"प्यायलो."

"सगळं?"

"सगळं."

दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या तिनं विचारलं, "बरं आहे ना तुम्हाला?" ते म्हणाले, "बरं आहे." मग तिनं मला परत भरलं. त्यानंतर रोज सकाळी तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि मग नळ. तिची भीती गेली असं मी म्हणणार नाही. पाणी अजूनही बाहेर सांडतं. खोके मात्र यायचे बंद झाले.

मी आता म्हातारी झालेय. डोंगर केव्हाच धुऊन गेला, उरला तो डिंकाचा एक डाग. कोणतं पाणी विकत घेण्यालायक आहे, हे तुम्ही तपासणाऱ्याला विचारा, मला नको. माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या घरी कुणी सकाळी बाटली भरून दप्तरात ठेवत असेल, तर ती अर्धी परत आणू नका. पाणी सगळं पिऊन या, आणि संध्याकाळी ती बाटली ज्यानं भरली त्याच्या हातात रिकामी द्या.