दहावी जागा

"सिकंदराला आज खाली वडायचा," अण्णांनी जाहीर केलं आणि बशीतला चहा फुर्रकन ओढला.

"त्यानं तुमचं काय घोडं मारलंय?" दिपालीनं विचारलं.

"लोकाच्या मुलखात शिरला, मारामाऱ्या केल्या आन् घरी पोचायच्या आत मेला. मागं काय ठेवलं त्यानं? आपल्या बोळात त्याच्यावाचून कुणाचं अडतंय का, सांग की."

"असं बोळावरनं ठरवत नसतात, अण्णा."

"मग कुटनं ठरवायचं? माणसं बोळातच ऱ्हात्यात की."

भिंतीवर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून लावलेलं होतं. जगाच्या इतिहासावर सगळ्यांत जास्त परिणाम करणारी दहा माणसं. बुद्ध, न्यूटन, छपाईवाला गुटेनबर्ग अशी एकाखाली एक. दिपाली दहावीत असताना अभ्यास म्हणून तिनं ही यादी केली होती. आता ती कॉलेजात इतिहास शिकवत होती, चाळिशी ओलांडली होती, पानं कितीदा तरी बदलली होती, पण दर रविवारचा वाद चुकला नव्हता. नियम ठरलेला. एका रविवारी एकच नाव पणाला लावायचं. जो हरेल त्यानं तोंडानं तसं म्हणायचं आणि दुसरा चहा टाकायचा.

अण्णा सातवी पास. महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातले निवृत्त चावीवाले. खांद्यावर कमरेइतकी उंच लोखंडी चावी टाकून ते तीस वर्षं बोळाबोळातले व्हॉल्व्ह उघडत हिंडले. हरले की "हरलो गं बाई" म्हणून मोकळे व्हायचे आणि चहात आलं जरा जास्तच ठेचायचे. दिपालीच्या तोंडून मात्र तो शब्द कधी निघाला नव्हता. अडचणीत आली की ती म्हणायची, "पुढच्या रविवारी बघू." मग अण्णा गालात हसून चहाला स्वतःच उठायचे.

"पुढच्या रविवारी बघू," ती आताही म्हणाली.

"बघ की. सिकंदर कुटं पळून जातोय?" अण्णा उठले, पण चहाकडे न जाता भिंतीपाशी गेले. यादीतली दहावी जागा रिकामी होती. ती त्यांनी गेली कित्येक वर्षं अडवून ठेवली होती. "आन् माज्या माणसाचं काय?"

"कुठला तुमचा माणूस?"

"उतार दिला की पाणी आपल्या पायानं येतं, हे ज्याला पयल्यांदा कळलं त्यो. त्याच्या आदी समदी पाणी डोक्यावरनंच वाहत हुती. हाय का त्याच्यापेक्षा मोठा कोण?"

"नाव सांगा, लगेच लिहिते."

"नाव कुणाला म्हाईत?"

"मग नाही. ज्याचं नाव नाही, त्याला इतिहासात जागा नाही," दिपाली म्हणाली. वर्गात म्हणायची तशीच, ठामपणे.

अण्णांनी मान हलवली. "बरं. पुढच्या रविवारी नाव घेऊन येतो."

आतून दिपालीच्या आईचा, केराबाईंचा आवाज आला. "झालं का दोघांचं? पाण्याची पाळी हाय आज. हौद घासायचा हाय. जगाला पाणी पाजलं ह्यांनी, आन् आपल्या नळाला समद्यांच्या शेवटी!"

"आगं, शेपटाला आदी सोडावं लागतं," अण्णा ओरडून म्हणाले. हे उत्तर घराला पाठ होतं. लाइनीच्या तोंडाशी राहणाऱ्यांना आधी पाणी सोडलं, तर तेच सगळं ओढून घेतात आणि शेवटच्या बोळातले नळ नुसते सुसू करत बसतात. म्हणून अण्णा सायकल मारत आधी शेवटाला जायचे, तिथला व्हॉल्व्ह उघडायचे आणि मग एकेक बोळ करत मागं यायचे. त्यांचं स्वतःचं घर लाइनीच्या अगदी तोंडाशी होतं. ते शेवटी.

त्या दिवशी पाणी आलं, हौद भरला, शेंगाच्या चटणीशी भाकरी झाली. दुपारी अण्णा घोरले. एवढंच.

बुधवारी सकाळी ओट्यावर चप्पल घालायला वाकले, ते परत उठलेच नाहीत.

रविवारी सकाळी दिपाली त्याच खोलीत बसली होती. तिसऱ्या दिवसाचं आटोपलं होतं. लोक येत होते, बसत होते, जात होते. पण कुठल्या कुठल्या बोळातली ही माणसं तिनं कधी पाहिलेलीही नव्हती. दाराशी येऊन विचारायची, "चावीवाल्यांचं घर हेच का?" शेवटच्या बोळातली एक म्हातारी केराबाईंचे हात धरून म्हणाली, "तुमच्या मालकामुळं माज्या पोरींची शाळा झाली बघा. न्हायतर टँकरपाशीच उभ्या ऱ्हायल्या असत्या." अण्णांनी घरी ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांना तरी कुठं माहीत असणार!

दहाच्या सुमारास कोपऱ्यावरचे किराणावाले चनबसप्पा आले. हातात कागद होता. बसले, पाणी प्यायले, घुटमळले.

"दिपालीताई, दहाव्याला चौकात बोर्ड लावायचं ठरलंय. सगळ्या बोळांनी मिळून. फोटो मिळाला आमाला. पण…" त्यांनी मान खाली घातली. "तीस वर्षं माझ्या दुकानातनं तंबाखू नेली की त्यांनी. रोज बोलणं. सगळीकडं विचारून आलो बघा, कुणालाच सांगता येईना."

"काय?"

"त्यांचं नाव, ताई. आमी सगळे चावीवालेच म्हणायचो की."

 दिपालीची नजर भिंतीकडे गेली. पुढच्या रविवारी नाव घेऊन येतो.

"हिंदुराव," ती म्हणाली. "हिंदुराव शहाजी वाघमोडे."

"हिंदुराव," चनबसप्पांनी पुन्हा उच्चारून पाहिलं आणि जपून कागदावर उतरवलं. "चांगलं हाय की नाव. पण खाली कंसात चावीवाले टाकतो, चालंल न्हवं? न्हायतर कुणाला कळायचं न्हाय."

"टाका."

ते गेल्यावर ती उठली. कॅलेंडरच्या पानावर दहाव्या आकड्यापुढं तिनं सावकाश लिहिलं, 'पाण्याला पहिला उतार देणारा. नाव माहीत नाही.' मग स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. आलं ठेचलं, जरा जास्तच. दोन कप भरून बाहेर आणले आणि एक अण्णांच्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर ठेवला, बशीसकट.

बाहेर कुठंतरी लांब, बोळांच्या शेवटाला, कुणाच्या तरी हंड्यात पाणी पडायला लागलं होतं.

"हरले, अण्णा," ती म्हणाली.