गाठोडं म्हणालं, डावीकडे

निळी चादर, डबल, कोपऱ्यात चहाचा डाग.

मेणबत्तीच्या उजेडात सुई ओवायची असेल तर चष्म्याचा काडीचा उपयोग नाही.

चौसष्ट किलो, उपाशीपोटी.

“बरं नाही का यांना?”

राजपुत्राने बोलायचं नाही.

थांबा, नीट सांगतो. माझी बायको ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिते आणि मी चष्म्यांचं दुकान चालवतो. तिचा एकच नियम: जे अंगावरून गेलं नाही, ते पानावर जाणार नाही. आता तिचं अंग एकच आणि इतिहासात माणसं ढिगाने, म्हणून उरलेलं सगळं माझ्या अंगावरून जातं. मला गवताच्या गंजीत लपवून झालंय, लाकडी तलवारीने ठार करून झालंय, मेणबत्तीच्या उजेडात सुई ओवायला बसवून झालंय. मागच्या कादंबरीत मी गरोदर राणी होतो. पोटाला उशी बांधून आठवडाभर दुकानात बसलो. गिऱ्हाईकं वाढली.

या खेपेला प्रकरण एकोणीस. जखमी राजपुत्र बुरुजात अडकलाय. धोबीण त्याला मळक्या कपड्यांच्या गाठोड्यात बांधते, पाठीवर घेते आणि पहारेकऱ्यांसमोरून जिना उतरून बाहेर पडते. अख्खी कादंबरी त्या गाठोड्यावर उभी. आणि संपादकबाईंनी, म्हणजे घरात आम्ही ज्यांना कात्री म्हणतो त्यांनी, समासात लिहिलं: ‘अशक्य. काढा.’

फोनवर जुंपली.

“अगं, बाई पुरुषाला पाठीवर घेऊन चार मजले उतरेल?”

“उतरेल.”

“मग तू उतर. छापायला जायच्या आधी मी येते, खाली दारात उभी राहते. पोचलीस तर प्रकरण राहील. नाही तर...”

“कात्री,” बायको म्हणाली आणि तिने जीभ चावली.

चौथा मजला

बायको अनवाणी. मी चादरीत, गुडघे पोटाशी. चादरीची टोकं तिच्या खांद्यांवरून पुढे आणून गाठ मारलेली. माझं फक्त तोंड बाहेर. माझी आई पुढे जाऊन दर वळणावर एकेक उशी टाकत होती.

“आई, राजपुत्राला उशा नव्हत्या.”

“राजपुत्राला आई नव्हती का?”

बायको उठायला गेली आणि आम्ही दोघं मागे कलंडलो. पुन्हा. या वेळी तिच्या घशातून तेल न घातलेल्या दारासारखा आवाज आला आणि मी हवेत! शेजारच्या काकांनी टाळ्या वाजवल्या.

“मी याला नऊ महिने उचललं,” आई म्हणाली, “तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.”

“अगं, खरंच उचललंस!” मी बायकोच्या कानात म्हणालो.

“बोलू नकोस. प्रकरणभर राजपुत्र एक शब्द बोलत नाही.”

तिसरा मजला

ओझ्याखाली माणूस किती वाकतो हे मला वर बसून कळलं. तिला फक्त स्वतःच्या पायांची बोटं दिसत होती.

“कुंडी,” मी म्हणालो.

“गप्प.”

कुंडी आडवी झाली.

“डावीकडे. अगं डावीकडे!”

“माझ्या की तुझ्या?”

“आता दोघांची एकच आहे!”

तिला हसू फुटलं. ती हलली तसं गाठोडं हललं, गाठोडं हसलं तशी ती आणखी वाकली. हसताना गुडघ्यांतली ताकद पार जाते. आम्ही भिंतीला टेकून खिंकाळत होतो. खालच्या बिऱ्हाडातल्या मावशींनी दार किलकिलं केलं.

“बरं नाही का यांना?”

“छान आहे मी,” गाठोडं म्हणालं.

दुसरा मजला

ती अचानक थांबली. कठड्यावरून मला कात्रीबाईंचं वर वळलेलं तोंड दिसत होतं. जिंकायला दोनच मजले उरले होते.

“त्याला बोलावं लागेल,” बायको म्हणाली.

“कुणाला?”

“राजपुत्राला! तिला फक्त पावलं दिसतात, रस्ता त्यानेच बघायला हवा. पहारेकरी कुठे आहे ते कानात सांगायचं. ती वैतागणार. आणि अरे देवा, त्यांना तिथे हसू आलं तर?”

आणि ती वळली. मला घेऊन. वर.

“अगं, खाली! पैज खाली आहे!”

“कागद वर आहेत! विसरेन मी!”

“मग मला तरी उतरव!”

“गाठ सोडत बसायला वेळ नाही. पुढे काय आहे ते सांग.”

“पायरी. पायरी. उशी. आई.”

पुन्हा तिसरा, पुन्हा चौथा

कात्रीबाई धापा टाकत मागून आल्या. “खालपर्यंत ठरलं होतं!”

“वर नेलं की,” आई म्हणाली. “वर न्यायला जास्त जोर लागतो. बसवू का तुमच्या पाठीवर? बघता?”

बायको टेबलाशी टेकली. मी अजून पाठीवरच, त्यामुळे खुर्चीच्या कडेवर ती आणि बाकीच्या खुर्चीवर मी. ती लिहीत सुटली. माझ्या डोक्यावरून वाकून कात्रीबाई वाचायला लागल्या. आधी नाकातून, मग तोंडातून आणि शेवटी कमरेवर हात धरून हसल्या. पर्समधून पेन काढून त्यांनी ‘अशक्य. काढा’ वर रेघ मारली.

“पण मुळात राजपुत्राला गप्प का ठेवलं होतंस गं?” त्यांनी विचारलं.

“उचललेलं माणूस गप्पच असतं असं वाटायचं मला,” बायको मान वर न करता म्हणाली.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तिचा घोटा मोडला, तेव्हा मी तिला मैदानातून दवाखान्यापर्यंत पाठीवर नेलं होतं. त्या वेळी आमची ओळख नव्हती.