दोन डाव्या बाह्या

मास्तरांनी पुन्हा दोन डाव्या बाह्या कापल्या. एक बाही कापून झाली की कागदी साचा उलटवायचा आणि दुसरी कापायची, एवढंच तर असतं. पण मधेच रस्त्यावर कुत्रं भुंकलं, मास्तरांचं मन त्याच्यामागे हिंडून आलं आणि साचा होता तसाच राहिला. गिऱ्हाइकाचं चांगलं लोकरी कापड वाया गेलं.

"आता बास!" त्यांनी कात्री खणात टाकली. "दुकान बंद. वय झालं माझं."

"वयाच्या नावावर खपवू नका," बायको म्हणाली. "लग्नानंतर मला पहिला कोट शिवलात, त्यालाही दोन्ही बाह्या डाव्याच होत्या. कात्री ठेवायची तर ठेवा, पण आधी डॉक्टरांना दाखवू."

डॉक्टरबाईंनी अगदी लहानपणापासूनचं सगळं विचारलं. मग मास्तरांना पडद्यासमोर बसवलं. गोल दिसला की बटण दाबायचं, चौकोन दिसला की हात आवरायचा. मान किती हलते ते टिपायला डोक्याला पट्टा. लक्ष सुटणाऱ्यांचा हात कसा चुकतो, मान कशी वळते, हे त्या संगणकाला हजारो मोठ्या माणसांच्या चाचण्या दाखवून शिकवलेलं होतं.

मास्तर कुठेही चुकले नाहीत. संगणक म्हणाला, लक्षाचा विकार असण्याची शक्यता कमी.

मास्तरांचा चेहरा उतरला. "बघ. विकार नाही, म्हणजे मीच निष्काळजी. कात्री खणातच बरी."

मागच्या खुर्चीवर बसलेल्या बायकोने विचारलं, "डॉक्टर, तुमच्या यंत्राला यांचे पाय दिसतात का हो?"

"पाय? नाही. का?"

"अख्खा वेळ टेबलाखाली पायांनी शिलाई मशीन चालवल्यासारखं करत होते! घरी जेवतानाही तेच. माझ्या पेल्यातलं पाणी हिंदकळतं."

मास्तर ओशाळले. त्यांना पत्ताच नव्हता.

डॉक्टरबाईंना हसू आलं. थोड्या विश्रांतीनंतर त्यांनी पुन्हा चाचणी घेतली, या वेळी पाय स्टुलावर, अजिबात न हलवता. मास्तर चौकोनांवरही बटण दाबत सुटले. बाहेर कुणी शिडी सरकवली, की मान तिकडे.

"यंत्राने जेवढं पाहिलं तेवढं सांगितलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "निदान मात्र मला करायचंय. तुमचं लहानपण, तो कोट, आजचं हे, सगळं जुळतंय. हा लक्षाचाच विकार आहे, निष्काळजीपणा नव्हे. यावर औषध आहे, आणि तुम्ही तर स्वतःच एक उपाय शोधून ठेवलाय."

परत येताना मास्तरांच्या लक्षात आलं. शिवताना आपण चुकत नाही, तेव्हा पाय चालू असतात. कापताना उभं राहतो, पाय गप्प.

दुकानात येताच त्यांनी माळ्यावरचं मोडकं मशीन उतरवलं. त्याचं पायडल सोडवून कापायच्या टेबलाखाली बसवलं, उंच स्टूल ओढलं आणि खणातून कात्री काढली.

"टेबल हलवू नका म्हणजे झालं," बायको म्हणाली.

पाय चालू लागले. पहिली बाही कापून झाली. तेवढ्यात रस्त्यावर तेच कुत्रं भुंकलं.

मास्तर त्याच्याकडे बघून हसले आणि त्यांनी साचा उलटवला.