भोपळीची नजर

चष्म्याच्या दुकानवाल्या बाईंनी आपली कुत्री भोपळी महिनाभरासाठी उस्तादाकडे ठेवली, तेव्हा त्यांच्या वहिनी म्हणाल्या, "स्वतःची कुत्री मिरवायला भाड्याचा माणूस? वन्सं, उद्या तिचे लाड करायलाही कुणाला तरी पगारावर ठेवाल!"

बाईंनी कानाडोळा केला. कुत्र्यांच्या दोन प्रदर्शनांत त्यांनी स्वतः भोपळीला रिंगणात नेलं होतं आणि दोन्ही वेळा ती परीक्षकासमोर त्यांच्या पावलांवर फतकल मारून बसली होती. कुत्री दिसायला देखणी, पण उभी राहील तर शपथ! उस्तादाचा धंदाच तो होता. लोकांची कुत्री घरी ठेवायची, शिकवायची आणि रिंगणात धरून जिंकून द्यायची. त्याची फी बाईंना परवडणारी नव्हती. पण भोपळीच्या गळ्यात एकदा तरी फीत बघायचीच, या हट्टापायी दुकानाचा नवा फलक पुढच्या वर्षावर गेला.

प्रदर्शनात पहिली फेरी उस्तादाने भोपळीला लीलया जिंकून दिली. घोडं अडलं ते अंतिम फेरीत. त्याच्याकडेच असलेला एका बड्या ठेकेदाराचा कुत्राही तिथवर पोचला होता. उस्तादाने मुकाट्याने त्याचा पट्टा हातात घेतला.

"अहो, फी मीही दिलीये," बाई म्हणाल्या.

"त्यांची चार कुत्री वर्षभर असतात माझ्याकडे. हिला तुम्हीच धरा. परीक्षक कुत्रं बघतो, माणूस नाही."

हे बोलताना त्याने नजर चुकवली. रोज लोकांच्या डोळ्यांत बघून पोट भरणाऱ्या बाईंना ते कळल्यावाचून कसं राहील? उस्ताद ज्याला स्वतः धरतो तोच त्याचा हुकमी एक्का, हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं. परीक्षकालाही. दोन डगरींवर पाय ठेवून हा गडी फी मात्र दोन्हीकडून घेत होता.

धुसफुसत बाई रिंगणात शिरल्या. आता ही बसणार, आपलं हसं होणार, असं धरूनच चालल्या होत्या. पण भोपळी बसली नाही. मान ताणून, कान टवकारून, चारही पाय रोवून ती अशी उभी राहिली की परीक्षक दोनदा फिरून तिच्यापाशी आला. बाईंनी तिच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. पलीकडे उस्ताद उभा होता. भोपळी त्याचीच वाट बघत होती.

"वा! काय सावध कुत्री आहे!" परीक्षक म्हणाला आणि फीत भोपळीच्या गळ्यात पडली.

टाळ्या वाजल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना ते आनंदाचं वाटलं.

बाहेर आल्यावर उस्ताद म्हणाला, "सहा महिने ठेवा माझ्याकडे. नाव काढेल."

"तुम्ही हिला केलंत तरी काय?"

"बोटही लावलं नाही. खाणं फक्त माझ्या हातून, झोप माझ्या खाटेखाली, दुसऱ्या कुणाचा लळा नाही. त्याशिवाय कुत्रं असं बघत नाही, बाई."

"म्हणजे तिने मला परकं करावं, याचे मी पैसे मोजले. आधी सांगितलं का नाहीत?"

"कुणी विचारत नाही," तो हळूच म्हणाला. "सगळे फक्त जिंकेल का, एवढंच विचारतात."

बाईंनी पट्टा घट्ट धरला आणि भोपळीला घरी आणलं. या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नाही, असं वहिनींना ठणकावून सांगितलं. वहिनींनी, नवल म्हणजे, एकही टोमणा मारला नाही.

पण भोपळी दाराच्या फटीला नाक लावून बसली. बाईंनी हाक मारली की शेपूट हलवायची, जवळ येऊन हात चाटायची आणि परत दाराशी जायची. ताटलीला तोंड लावेना. बाईंना तिचा राग आला, मग स्वतःचा आला आणि शेवटी दोन्ही राग निवळून नुसतं वाईट वाटत राहिलं. तिचं काय चुकलं होतं? शिकवलं ते ती नीट शिकली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी गुमान उस्तादाला फोन लावला.

"ती जेवत नाहीये. अधूनमधून येऊन भेटून जाल का तिला? काय असेल ती फी सांगा."



"याची फी नसते, बाई," उस्ताद म्हणाला. "येऊ का म्हणून मीच विचारणार होतो. पण आजवर कुठल्या मालकाला तसं विचारायचा धीर झाला नाही."