उशिरा बोलावलेली मशीन

मी एक जुनी सोनोग्राफी मशीन आहे. दक्षिण कोरियातल्या मोक्पो बंदराजवळच्या एका लहान इस्पितळात, डायलिसिसच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून उभी असते.

मित्रांनो, कारखान्यातून नवी आले तेव्हा माझा काय थाट होता! प्यो नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई माझा तपासायचा दांडा, म्हणजे प्रोब, रुग्णाच्या मानेवर हलकेच दाबायच्या. शीर लगेच चपटी व्हायची. शेजारची धमनी मात्र गोल राहून धडधडायची. मग पडद्यावर नजर ठेवून त्या सुई नेमकी शिरेत न्यायच्या. "ही आहे म्हणून मी निर्धास्त," असं त्या म्हणाल्या की मी फुलून जायचे.

पुढे प्योबाई सोलला गेल्या. मागे उरले मोठे गु डॉक्टर; त्यांचा भरवसा स्वतःच्या बोटांवर. हळूहळू माझ्यावर एप्रन लटकू लागले. कुणीतरी माझा प्लग काढून तिथे चहाची किटली लावली. फार वाईट वाटलं.

अशात बांगआजी आल्या. बाजारात सुके मासे विकून त्यांनी आईबापाविना नात वाढवली होती. त्यांच्या हातातली डायलिसिसची नस बंद पडली होती, म्हणून मानेतल्या शिरेत नळी घालायची होती.

"डॉक्टरसाहेब, लवकर उरका बाई! परवा नातीचं लग्न. नवरीच्या आईबापाच्या खुर्चीवर मलाच बसायचंय."

"हलू नका हं आजी," मिरान नर्स म्हणाली. मग दबक्या आवाजात, "सर, मशीन आणू का?"

"तू शिकवणार आता मला?"

मिरानने सुई पुढे केली. मोठ्या डॉक्टरांपुढे पुन्हा तोंड उघडायची तिथे रीत नव्हती. मी दाराबाहेर तळमळत होते.

डॉक्टरांनी बोटांनी चाचपून टोचलेली सुई शिरेऐवजी धमनीत गेली. आजींची मान टम्म सुजली. "आणा ती मशीन!" गु डॉक्टर ओरडले. पण माझी बॅटरी संपलेली. प्लग शोधून मी चालू होईपर्यंत शिरेभोवती रक्त साकळलं होतं. शीर दबून दोऱ्याएवढी झाली होती. मी दाखवलं, पण सुईला वाट उरली नव्हती.

आजींना ग्वांगजूच्या मोठ्या इस्पितळात नेलं. जीव वाचला. लग्न मात्र त्यांच्याविना लागलं.

पुढे एकदा डायलिसिसला आल्यावर आजींनी मिरानला लग्नाचा फोटो दाखवला. नवरीकडच्या खुर्चीवर आजींचा नवाकोरा गुलाबी हानबोक, म्हणजे समारंभाचा कोरियन पोशाख, घडी करून ठेवला होता.

"कपडे तरी जाऊन आले लग्नाला," आजी हसून म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या. मागे उभ्या गु डॉक्टरांना मान वर करवेना.

आता ते सुई उचलण्याआधी मला बोलावतात. पण आजींची खुर्ची काही मला भरून देता येत नाही.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, माझा प्लग काढू नका. आणि मदत दाराशी उभी असेल तर हात चुकण्याआधी तिला हाक मारा. उशिरा आले तर मी फक्त साकळलेलं रक्त दाखवू शकते.