माहेरची वेळ

“काल रात्री घड्याळ मागे गेलं, डोरीन! आज एक तास फुकटचा,” म्हणत मर्विन हॅनबरीनं कॅफेवालीकडे कॉफीचा दुसरा कप मागवला.

“बहिणीला निरोप द्यायला जायचंय ना, काका? उठा आता.”

“दहाला बोलावलंय. डुलत डुलत गेलो तरी पोचतो.”

आमचं लॉयडमिन्स्टर कॅनडाच्या दोन प्रांतांत अर्धं-अर्धं. मर्विनचं घर सस्कॅचेवानात, केस कापायचं दुकान रस्त्यापलीकडे आल्बर्टात. हा माणूस जन्मभर प्रांत ओलांडून कामाला गेला. घड्याळ मात्र अख्ख्या शहराचं आल्बर्टाचं. हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही ते तासभर मागे घेतो, बाकीचं सस्कॅचेवान ढिम्म हलत नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, तरी दरसाल कुणीतरी फसतंच. त्या सकाळी मर्विन फसला, आणि त्याच्यासोबत कॉफी पिणारे आम्ही सगळेच.

एड्ना त्याची एकुलती एक बहीण. आता मुलाकडे, पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, हॅलिफॅक्सला राहायला निघाली होती. या वयात ती परत येणार नव्हती, आणि मर्विनचं तिकडे जाणं व्हायचं नव्हतं. पुन्हा भेट नाही, हे दोघंही जाणून होते. तिच्या आवडीच्या बेरीच्या मुरंब्याची बरणी मांडीवर घेऊन तो तिच्या गावी, सस्कॅचेवानातल्या मेडस्टनला पोचला.

एड्नाच्या शेजारची फिलिस दारातलं बर्फ लोटत होती. “आत्ता येताय? गेली की हो ती!”

“दहाला सांगितलं होतं मला!”

“इथं अकरा वाजत आलेत, मर्विन.”

तो तसाच पायरीवर बसला.

“तुमच्या घरी फोन लावला, कुणी उचलेना. पोरगा हॉर्नवर हॉर्न देतोय, विमान गाठायचं होतं. ही गाडीत बसायला तयार नाही. थांब रे, म्हणे, त्याच्याकडे अजून दहा वाजायचेत.”

मर्विनला फार वाईट वाटत होतं, आणि रागावायला कुणी सापडत नव्हतं.

फिलिसनं एड्नाच्या घराचं कुलूप काढलं. रिकाम्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक घड्याळ तेवढं उरलं होतं.

“हे तुम्हाला द्यायला सांगितलंय. लग्न होऊन आली तेव्हापासून यात माहेरचीच वेळ, तुमच्या लॉयडमिन्स्टरची. आज सकाळी स्टुलावर चढून काटे मागे केले बाईनं. घर सोडायच्या दिवशी! मी रागावलेच.”

मर्विननं वर पाहिलं. दहाला अजून पाच मिनिटं होती.